कच्ची शिलाई

कामगार आघाडीच्या बैठकीत हात वर करायची पद्धत नव्हती. ज्याला ठराव पटला त्याने बसून राहायचं, ज्याला पटला नाही त्याने उभं राहायचं. ही रीत दादांनी घालून दिली होती. दादा म्हणजे आघाडीचे अध्यक्ष. सारं आयुष्य वॉचमनच्या नोकरीत, दुसऱ्यांच्या फाटकाशी उभं राहण्यात गेलेलं. पायांच्या शिरा सुतळीसारख्या फुगलेल्या. ते म्हणायचे, "आपल्यातला जो तो दिवसभर उभाच असतो. हो म्हणायला त्याला आणखी कशाला उठवायचं? ज्याला आतून टोचेल तो उठेल आपणहून. आणि एक जण जरी उठला, तरी त्याचं ऐकल्याशिवाय ठराव पुढे सरकायचा नाही."

शिवाय प्रत्येक ठराव दोन बैठकांत दोनदा विचारायचा. शिवणकारखान्यातले टेलर मास्तर पहिल्या वेळेला कच्ची शिलाई म्हणत आणि दुसऱ्या वेळेला पक्की. "कच्च्यात उसवलं तर कापड खराब होत नाही," हे ते दर बैठकीत ऐकवत, आणि दर बैठकीत कोणीतरी म्हणे, "सुरू झालं बघा मास्तरांचं मशीन."

त्या संध्याकाळी कच्ची शिलाई झाली आणि वहिनी बसून राहिली.

तिला सगळे वहिनी म्हणत ते तिच्या नणंदेमुळे. नणंद घरकाम करणाऱ्या बायांची पुढारी. हिला आघाडीत ओढून आणलं तेही तिनेच. पहिल्याच दिवशी खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकलं होतं, "ही माझी वहिनी. फार बोलत नाही, पण मनाची सरळ आहे." तेव्हापासून ती अख्ख्या आघाडीची वहिनी झाली. वडिलांच्या वयाचे दादासुद्धा तिला वहिनीच म्हणत.

ती स्वतः लॉन्ड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे येत. धुऊन पिळून आलेली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, एका दमात ताणायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडी द्यायची. एकीचा हात जरा मागे राहिला की चुणी पडायची. ती चुणी रोलर अशी काही दाबून बसवायचा की चादर पुन्हा भिजवल्याशिवाय जायची नाही. म्हणून तिथे जोड्या ठरलेल्या असत. वहिनीची जोडीदारीण अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. लॉन्ड्रीत तिला तोफ म्हणत.

आघाडीची मागणी साधी होती. किमान वेतन वाढवा, आणि सगळ्यांचं वाढवा. लॉन्ड्री, शिवणकाम, वॉचमन, हॉटेलांत भांडी घासणारे, घरकामाच्या बाया. मोर्च्याला गर्दी व्हायची ती घरकामाच्या बायांची. त्या हजारोंनी यायच्या आणि घोषणा अशा द्यायच्या की पोलीसही कानावर हात ठेवायचे. पण संध्याकाळच्या बैठकींना त्या येऊ शकत नसत, कारण संध्याकाळी लोकांच्या घरी स्वयंपाक असतो. नणंद म्हणायची, "वहिनी आहे ना तिथे. ती बसली म्हणजे मीच बसले."

त्या संध्याकाळी आघाडीच्या वकीलबाईंनी निरोप आणला होता. कामगार खात्याचे साहेब तयार आहेत. वाढ लगेच जाहीर करतील. फक्त घरकाम यादीतून काढा. घरोघरी जाऊन कोण तपासणार, म्हणतात. त्यांचं पुढे बघू.

खोलीत कुजबुज झाली. वकीलबाई मान खाली घालून चष्मा पुसत राहिल्या. मास्तर म्हणाले, "पदरात पडतंय ते घ्यावं. नंतर त्यांच्यासाठी लढूच की आपण." तोफ म्हणाली, "माझ्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मला आता 'पुढे बघू' परवडत नाही." दादांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मग ती येऊन थांबली वहिनीवर.

"ज्याला हे नको असेल, त्याने उभं राहावं."

सगळेच तिच्याकडे बघत होते. तिने उठायचं, हे त्यांनी जणू धरूनच ठेवलं होतं. मास्तरांनी तर तिला वाट द्यायला पाय आखडून घेतले. वहिनीने खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला. गुडघे दुखत होते हे खरं. पण ते रोजच दुखत. तिच्या मनात त्या क्षणी गुडघे नव्हते, चिमणी होती.

चिमणी म्हणजे वहिनीच्या घरी येणारी बाई. सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. नवरा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. वहिनी लॉन्ड्रीत जायची आणि तिच्या मागे चिमणी सासूबाईंना सांभाळायची. काडीसारखी बाई, दिवसभर चिवचिव चालू. सासूबाईंना बोलता येत नसे, म्हणून त्यांच्या वाटचंही तीच बोलायची. नणंद दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालत होती आणि तिच्या आईला चिमणी न्हाऊ घालत होती; हा फेरा कोणाला विचित्र वाटत नव्हता, कारण सगळ्यांच्या घरी तसाच होता. पण किमान वेतन घरकामालाही लागलं, तर चिमणीला आज देतो त्याच्या दुपटीने द्यावं लागलं असतं. लॉन्ड्रीत जी वाढ मिळेल ती सगळी दारातून आत यायची आणि खिडकीतून चिमणीकडे जायची.

वहिनीने दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"झाली कच्ची शिलाई," मास्तर म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद आईला बघायला आली, रोजच्यासारखी कामावर जाता जाता. वहिनी सासूबाईंना भरवायला बसली होती. त्यांना पहिला घास दिल्याशिवाय आपण तोंडात काही घालायचं नाही, हा तिचा लग्नानंतरचा नेम. आजारपणात, बाळंतपणात, कधी चुकला नव्हता.

नणंद दारातच म्हणाली, "काय गं वहिनी, कानावर आलं ते खरं? आम्हाला काढायचा विषय निघाला?"

"निघाला होता."

"मग? तू उभी राहिलीस ना?"

किती सोपा प्रश्न. नणंदेच्या चेहऱ्यावर शंका नव्हतीच. गॅस बंद केलास ना, असं विचारावं, तसं तिने विचारलं होतं. आणि वहिनीच्या तोंडून तसंच उत्तर गेलं, "हो गं. राहिले की."

"बघ! मी त्या बायांना तेच म्हटलं. माझी वहिनी तिथे असताना कोणाची हिंमत आहे!" नणंदेने आईच्या गालावर हात फिरवला. "आई, ऐकलंस का? तुझी सून आमच्यासाठी एकटी उभी राहिली." आणि चपला घालून निघून गेली.

वहिनीने घास पुढे केला. सासूबाईंनी ओठ मिटून घेतले होते. कधीकधी त्या असं करायच्या. पोट भरलेलं असलं, गिळायला त्रास होत असला की. त्यात काही नवीन नव्हतं. पण त्या सकाळी वहिनी घास हातात धरून बराच वेळ त्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग ताट झाकून तशीच उपाशी लॉन्ड्रीत गेली.

एखादं खोटं दिवसभरात विसरायला होतं. हे विसरायला होईना, कारण ते तिच्याजवळ राहिलंच नाही. नणंदेने ते घरोघरी नेलं. भाजीवाल्याकडे एक अनोळखी बाई जवळ आली आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या? आमच्यासाठी उठलात त्या?" आणि वहिनीच्या पिशवीतली कोथिंबीर बाजूला सारून त्यात जबरदस्तीने दोन लिंबं टाकून गेली. पुढच्या चौकात दुसरीने रस्ता ओलांडायला हात धरला. वहिनी म्हातारी नव्हती. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचीच तिला धास्ती वाटायला लागली होती.

संध्याकाळी देवापुढे हात जोडले, तरी रोज ओठांवर असणारे शब्द आठवेनात. ती नुसतीच उभी राहिली. मग मनात आलं, इथे बरी उभी राहते मी. आणि ती लगबगीने स्वयंपाकाला लागली.

सगळ्यांत वाईट गेलं ते चिमणीचं.

लॉन्ड्रीतून आली तर चिमणीने खुर्ची ओढून ठेवलेली, आणि वाटीत तेल गरम केलेलं. "बसा वहिनी. पाय द्या इकडे."

"अगं, हे काय भलतंच! तू घरी जा, उशीर होईल तुला."

"होऊ दे. घरी काय कोणी आरती घेऊन उभं नाही माझ्यासाठी." तिने वहिनीचा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलासुद्धा. "या गुडघ्यांनी उठून उभ्या राहिलात ना, भर सभेत? मला ताईंनी सांगितलं. मी आजींनाही सांगितलं. आजी, सांगितलं ना मी तुम्हाला? बघा, डोळ्यांनी हो म्हणतात."

"चिमणे, पुरे."

"पुरे कसं? नीट जिरू द्या की तेल." काडीसारखी बाई, पण हातात जोर भलता. तिची बोटं दुखऱ्या जागी बरोबर जात होती. "मला बाई कोणासाठी कोणी उठलेलं माहीत नाही. आमच्या घरी मला उठवायलाच सगळे." आणि ती आपल्याच विनोदावर हसली. "वहिनी, वाढ झाली ना, तर तुमच्याकडून मी जास्त नाही मागणार हं. इतर घरांकडून घेईन. तुमचं वेगळं आहे."

वहिनीने पाय मागे घेतला, वाटी लवंडली. तेल फरशीवर पसरलं आणि चिमणी "अगंबाई" करत फडकं आणायला धावली. वहिनी त्या तेलाकडे बघत म्हणाली, "मी पुसते, तू जा, जा गं," आणि तिचा आवाज इतका चढला की आत सासूबाई घशातून काहीतरी आवाज करायला लागल्या.

लॉन्ड्रीत चादरींना चुण्या पडायला लागल्या. तोफ म्हणाली, "काय चाललंय तुझं? हात कुठे, लक्ष कुठे! सगळ्या चादरी परत भिजवायच्या का?" मग रोलरच्या आवाजात तोंड जवळ आणून म्हणाली, "तू उठली नाहीस ते बरं केलंस हो. मी घाबरून बसले होते, आता ही नणंदेसाठी उठते की काय! तुझे उपकार आहेत माझ्या पोरीवर."

एकीकडे न उठल्याचे आभार, दुसरीकडे उठल्याचे. वहिनीने चादरीचा कोपरा इतका आवळून धरला की वाफेचा चटका बोटांना बसला, तेव्हा कुठे सोडला.

पक्की शिलाई रविवारी दुपारी ठेवली होती, वकीलबाईंना सोमवारी मागणीपत्र खात्यात द्यायचं होतं म्हणून. रविवारी दुपारी घरकामाच्या बायांना तासभर मोकळीक मिळते. नणंद म्हणाली, "मी वीसेक जणींना घेऊन येते. तू उठलीस म्हणून विषय अडलाय ना, मग आता चर्चा होणार. आम्हाला बोलू दे की चार शब्द."

शनिवारभर वहिनीच्या ओठांवर एकच वाक्य होतं. बैठक पुढे गेली गं, आता पुढच्या आठवड्यात आहे. एवढं म्हटलं की नणंद येणार नाही, पक्की शिलाई होऊन जाईल, आणि मग सांगता येईल, मी उठले होते पण नाही ऐकलं कोणी. एका खोट्याला दुसरं टेकवून ठेवलं की दोन्ही उभी राहतात. नणंद भांड्यांचा साबण मागायला आली तेव्हा वाक्य अगदी जिभेवर आलं. नणंद म्हणाली, "काय गं? काय म्हणतेस?"

"काही नाही. साबण ओला आहे, कागदात घेऊन जा."

रविवारी खोली भरून गेली. घरकामाच्या बाया भिंतीशी दाटीवाटीने बसल्या, कोणी खिडकीच्या कट्ट्यावर, कोणी एका खुर्चीत दोघी.  मास्तर टाचणी शर्टाच्या खिशाला टोचत आणि काढत बसले होते. वहिनी तोफेशेजारी, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर. नणंद अगदी मागे.

दादांनी फार लांबण लावली नाही. त्यांनाही हे काम आवडत नव्हतं. "मागचा ठराव आहे. घरकाम सोडून बाकीच्यांची मागणी पुढे न्यायची. आज पक्कं करायचं. ज्याला हे नको असेल, त्याने उभं राहावं."

मागे बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चर्चा कुठे आहे? वहिनीने वळून पाहिलं. नणंद तिच्याकडेच बघत होती, काळजीने नव्हे, अभिमानाने. तिने हनुवटी जराशी वर केली, जशी लहान मुलांना गाणं म्हणायला पुढे करताना करतात. चल वहिनी.

वहिनी उठली.

तोफेने तिचा पदर धरला. "ए, बस खाली!" पदर ताणला गेला, पण वहिनी उभीच राहिली.

आणि मास्तर, बिचारे, मनात काही नसताना बोलून गेले, "आता? मागच्या खेपेला तर खुर्चीला चिकटून बसला होतात."

चार-पाच जण हसले. मागून नणंदेचा आवाज आला, सगळं हसू कापून टाकणारा. "मास्तर, तोंड सांभाळा. खोटं बोलायचं काम नाही. माझी वहिनी उभी राहिली होती!"

"अहो बाई, मी समोर होतो..."

"समोर होता म्हणून काहीही सांगाल? तुम्हाला आम्हाला काढायचंच आहे, म्हणून तिला खोटं पाडताय!"

बायांमध्ये गलका उठला. मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी वहिनीकडे पाहिलं, मग नणंदेकडे, आणि पुन्हा वहिनीकडे. आयुष्यभर फाटकावर उभं राहून आत-बाहेर करणारी माणसं वाचलेली ती नजर. त्या नजरेला सगळं कळलं. ते खाकरले.

"राहिल्या असतील हो. माझी नजर अधू झालीये हल्ली. संध्याकाळची वेळ होती, दिवा बारीक होता. राहिल्या असतील. मास्तर, तुम्हालाही नीट दिसलं नसेल."

मास्तरांनी हातातली टाचणी खिशाला टोचून ठेवली. त्यांनाही कळलं असावं. ते मान हलवणार होते, वहिनीला ते दिसलं. कायम मशीनसारखा बोलणारा माणूस तिच्यासाठी, वीस बायांसमोर, खोटा ठरायला तयार झाला होता. दार उघडं होतं. नुसतं गप्प राहायचं, आणि तेवढं तर तिला येतच होतं.

"मास्तर खरं सांगतात," वहिनी म्हणाली. "मी बसले होते."

कोणीतरी "काय?" म्हणालं. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाशी ती बोलत राहिली. "माझ्या घरी एक बाई येते. सासूबाईंना बघायला. तिला जास्त द्यावं लागेल म्हणून मी बसले. गुडघे दुखतात म्हणून नाही. नणंदेने विचारलं तर मी उठले होते असं सांगितलं. आज मात्र मला हे नको आहे. घरकाम काढू नका." मग तिला वाटलं, आणखी काही बोलायला हवं, पण तिच्याजवळ एवढंच होतं. "ते उसवा," ती म्हणाली.

 मग वकीलबाईंनी मागणीपत्र पिशवीत परत घातलं, त्याचा आवाज झाला. दादा म्हणाले, "ऐकलं. रीत आहे ती आहे. ठराव थांबला. साहेबांना सांगू, एकत्र आलोत, एकत्रच घेऊ. वेळ लागेल." वेळ लागेल म्हणताना त्यांनी तोफेकडे बघायचं टाळलं.

तोफेने पदर सोडला. "माझ्या पोरीला काय सांगू गं मी?" ती हळू आवाजात म्हणाली. तिचा इतका हळू आवाज वहिनीने कधी ऐकला नव्हता.

बाया वहिनीच्या शेजारून बाहेर गेल्या. कोणी तिच्याशी बोललं नाही, कोणी वाईटही बोललं नाही. लिंबं देणारी तेवढी क्षणभर थांबली आणि मग पुढे गेली.

बसमध्ये नणंद खिडकीशी बसली आणि तिने आपली पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. वहिनी दांडीला धरून उभी राहिली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ चढले, तेव्हा नणंदेने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना म्हणाली, "बसा काका."

गल्लीच्या तोंडाशी नणंद वहिनीशी पहिल्यांदा बोलली. "आईसमोर सांगितलं होतंस तू मला. आईला घास भरवता भरवता."

"हो."

"चिमणीला मी काही सांगणार नाही. मी जे खरं समजून सांगितलं ते सांगून झालंय माझं."

"मी सांगते."

"सांगच."

घराचं दार उघडंच होतं. चिमणी चाहूल लागताच चिवचिवली, "आलात? काय झालं? उठलात ना आज पण?" खुर्ची ओढून ठेवलेली होती, आणि शेजारी फरशीवर तेलाची वाटी, या वेळी लवंडू नये म्हणून खाली ताटली ठेवलेली. आतून सासूबाईंचे डोळे दाराकडे लागले होते. नणंद उंबऱ्याबाहेरच थांबली. आत आली नाही, गेलीही नाही.

"बसा ना वहिनी," चिमणी म्हणाली. "गरम आहे तोवर."

"नको," वहिनी म्हणाली. "तूच बस त्या खुर्चीत जरा. मला तुला काही सांगायचंय."

चिमणी हसली, तिला ती थट्टा वाटली. मग तिने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुसत पुसत, अगदी कडेला, खुर्चीत बसली.